दोन्हीकडे चालणारे टायर

"हे काऊन काढता, काका?" ईश्वरदासने ट्रकच्या पुढच्या चाकावर बुटाने ठोकलं. "मागच्या जेठात मीच तर लावून दिले. अभी आधे भी नहीं घिसे."

शालीकराम ट्रकमधून खाली उतरला. बायकोला शेजारी बसवून तो सकाळीच गोंदियाला ईश्वरदासच्या टायरच्या दुकानात आला होता. ट्रक लष्कराच्या लिलावातला, त्याच्या दोन्ही जावयांपेक्षा वयाने मोठा. हिरवा रंग कधीच उडाला होता, पण चारही चाकं अजून जोर लावत. चोरखमाऱ्यापलीकडच्या त्यांच्या गावात पावसाळ्यात नाला ओलांडणारं वाहन हेच एक. बाकीच्या गाड्या, दवाखान्याची गाडीसुद्धा, अलीकडच्या काठावर थांबतात आणि हॉर्न वाजवत बसतात.

दुकानात डांबरी रस्त्याचा टायर होता, बारीक रेषांचा. धान गिरणीत पोचवायला उत्तम, चिखलात मात्र शेणावर पाय पडल्यागत घसरणारा. मोठ्या रबरी ठोकळ्यांचा चिखलाचा टायरही होता. तो नाल्यात पकड सोडत नाही, पण डांबरावर भोंग्यासारखा ओरडतो आणि दिवाळीपर्यंत अर्धा होतो. आणि दोन्हीकडे चालणारा म्हणून एक होता. दुकानदाराला विकायला हाच सोपा, कारण गिऱ्हाइकाला काही सोडावं लागत नाही. गेल्या वर्षी शालीकरामने तोच घेतला होता. दोन्ही डगरींवर हात ठेवायला कोणाला आवडत नाही?

"चिखलाचे दाखव," तो म्हणाला.

"चिखलाचे? दहा महिने तुम्ही डांबरावर असता. नाला दोन महिन्यांचा. कायले पाहिजेत?"

"पोरीसाठी," सुशिलाबाई म्हणाली. "खुशबूले आठवा लागला. परवाच आनली घरी."

"कुठून?"

"अठूनच. गोंदियातून."

ईश्वरदास हसला. "कमाल करता, काकी! मोठा दवाखाना इथं, आणि पोरीला नेऊन ठेवली नाल्यापलीकडं?"

"पयलं बाळंतपन मायच्या घरीच होते. सासूनंच पिशवी भरून देली. बापानं नाही नेली त लोक काय म्हनतीन? दीप्तीलेबी तसंच आनलं होतं."

दीप्ती त्यांची थोरली. गेल्या श्रावणात तिला कळा सुरू झाल्या तेव्हा ट्रक नाल्यात उतरला आणि याच टायरांवर मधोमध रुतला. चाकं गरगर फिरत राहिली, ट्रक तसूभर हलला नाही. समोरच्या काठावर दवाखान्याच्या गाडीचा दिवा दिसत होता. दीप्ती ट्रकच्या फळ्यांवरच गेली, पोटातल्या बाळासकट. शालीकरामला टायरांचा राग नव्हता. टायर जसे होते तसेच वागले. निवडले त्याने होते, आणि ते कोणाच्या माथी मारायची सोय नव्हती. दीप्ती गेली तरी रीत जागच्या जागी होती. खुशबूच्या सासूला नाही म्हणायची हिंमत ना बापाला झाली, ना आईला.

"मग दोनच बदला, मागचे," ईश्वरदास म्हणाला.

"चारी चाकं ओढते याचे. चारी सारखे नसले त आतला गिअर तुटते."

"चारी पाहिजेत तर हे जुने मला सोडावे लागतील. ते आजच विकले गेले तरच तुमच्या पैशात चार नवे जमतील."

शालीकरामने मान हलवली. दुसरा उपाय नव्हता. ईश्वरदासने लगेच कोणाला तरी फोन लावला, आणि दुकानातल्या माणसाने ट्रकखाली जॅक सरकवला.

जुने टायर उतरून एकावर एक रचले गेले होते, तेवढ्यात, फोन लागला तेव्हा बाजारातच असलेला खेमराज येऊन पोचला. नागझिऱ्याकडचा, पंचविशीतला, बोलका. त्याच्याकडेही असाच लिलावातला ट्रक होता. उकिडवं बसून त्याने नखाने रबर दाबून पाहिलं आणि खूश झाला.

"नव्यासारखेच आहेत न! आमच्या गावात येवढीच गाडी आहे, काका. बाजाराले जा, दवाखान्यात जा, समदे हिच्यातच बसते."

"वाटेत नाला लागते काय?" शालीकरामने विचारलं.

"दोन लागते. पन सेठ म्हनते, हे दोन्हीकडं चालते."

"चालते काय म्हणतो, दौडते!" ईश्वरदास आतून म्हणाला.

शालीकरामच्या ओठावर शब्द आला होता. खरं सांगितलं तर हा पोरगा हात झटकून उठेल. मग हेच टायर पुन्हा ट्रकला चढतील, आणि आषाढात खुशबूला घेऊन त्याला याच चाकांवर नाल्यात उतरावं लागेल. नाही सांगितलं तर कोण उतरेल, ते त्याला मनातसुद्धा आणायचं नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली. त्याने बायकोकडे पाहिलं.

"खरं सांगा काका," खेमराज म्हणाला. "चिखलात पकडते न?"

शालीकरामने तोंड उघडलं, पण त्याआधीच सुशिलाबाई बोलली. तिचा आवाज जराही हलला नाही.

"आमाले काय मालूम, बापू," ती म्हणाली. "आमी कधी नाल्यात नेलेच नाही."