मोजे

"बाबा, उद्या माझ्या सत्काराला चप्पल घालून येऊ नका. कॉलेजचा कार्यक्रम आहे, लोक काय म्हणतील?"

"बुटात पाय ठरत नाही ना, माय. बोटंच नाही त पुढं काय भरू, कापूस?" बाबा हसले. "बरं, मी घरीच थांबतो. येताना पेढे आणजो."

कारगिलच्या लढाईत, पहाडावरच्या बर्फानं त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेली होती. कोणी विचारलं की म्हणायचे, "मोजे हरवले माह्ये. त्यायच्या मागं बोटंही गेले." सारं मारेगाव हसायचं आणि मला लाज वाटायची. इतरांचे वडील गोळ्या झेलून आले, माझ्या वडिलांना साधे मोजे सांभाळता आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आले, तेव्हा बाबा खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सांगलीहून एक निवृत्त फौजी आले. दाराशी बूट काढून ते बाबांच्या फोटोपर्यंत चालत गेले आणि पिशवीतून लोकरी मोज्यांचा जुना जोड काढून फोटोपुढे ठेवला.

"माझे मोजे भिजले होते, ताई. पाय बधीर पडायला लागले, तेव्हा ह्यांनी आपले काढून मला घातले. परत द्यायचे राहूनच गेले बघा."

त्यांच्या पायांची दहाही बोटं शाबूत होती.


भरल्या घरात, सगळ्यांदेखत मी फोटोला म्हणाले, "बाबा, चप्पल घालूनच या. पहिल्या रांगेत बसा."