परक्यासारखं गोड

"उल्का, माझं काही चुकलं का?" माद्रिदच्या ऑफिसातून पिलारने स्पॅनिशमध्ये विचारलं. "इतके दिवस सोबत काम करतोय, तरी तू मला 'तुम्ही'च म्हणतेस. साधी फाइल मागायची तरी आधी माफी! रागावली आहेस का माझ्यावर?"

रायपूरला सासरी लॅपटॉपसमोर बसलेली उल्का गांगरली. तिला स्पॅनिश शिकवणारी बाई बोगोटाची. तिथे म्हणे आईसुद्धा लेकराला 'तुम्ही' म्हणते, अन् दुकानात पाव मागतानाही 'त्रास नसेल तर' लावतात. पुण्यात 'प्लीज', 'थँक्यू'च्या घरात वाढलेल्या उल्काला ती स्पॅनिश थेट माहेरची वाटली होती.

"इथे आपल्या माणसाला सरळ सांगतात, दे म्हणून," पिलार म्हणाली. "एवढं गोड परक्यांशी बोलतात."

उल्काला एकदम सासूबाई आठवल्या. सरलाबाई रायपूरच्याच, तिथल्या पुरानी बस्ती या जुन्या मोहल्ल्यात वाढलेल्या. सून 'आई, प्लीज' किंवा 'थँक्यू हं' म्हणाली की त्यांचा चेहरा उतरायचा. तो उतरला की आपलंच काही कमी पडलं असं समजून उल्का आणखी एक थँक्यू जोडायची. दोघींचं भांडण कधी झालंच नाही. भांडायला थोडी तरी जवळीक लागते.

कालच सरलाबाई शेजारणीला सांगत होत्या, "पोट्टी गुणाची आहे वं. पण पाव्हणीवानी राहून राहिली. मले भेव वाटते, एक दिवस पोट्टी थँक्यू म्हणून निघून जाईन." ते ऐकून उल्काला रडूच कोसळलं होतं. तिला हे घर हवं होतं, अगदी मनापासून.

पिलारचा निरोप घेऊन तिने लॅपटॉप मिटला. वेदांतच्या, म्हणजे नवऱ्याच्या, तोंडची वाक्यं आठवून तिने डोळे मिटले आणि हाक दिली,

"आई, चहा मांड नं! आलं जास्त टाकजो!"

स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. संपलं, उल्काला वाटलं.

सरलाबाई दारात आल्या. हातात पाहुण्यांचा ट्रे, बशीसकट चहाचा कप, बाजूला बिस्किटं. डोळे भरलेले.

"माय वं! अन् मी सकाळपासून वेदांतजवळ 'प्लीज चहा घ्या' घोकून राहिली होती, तुले घर आपलं वाटावं म्हणून!"

त्यांनी ट्रे टेबलावर आदळला, कप उचलला आणि उल्काच्या शेजारी बसून स्वतःच चहाचा घोट घेतला.

"ऊठ आता, तूच मांड. अन् माह्या दुसऱ्या कपातही आलं जास्त टाकजो."