डाव्या कुशीवर

"घोरता का?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," काटेवाला म्हणाला. "घरात कुणाची तक्रार नाही."

तो खाटेच्या कडेवर बसला होता आणि खाट बिचारी सोसत होती. ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर त्याची नोकरी. दिवसभर दुसऱ्यांचा भार मोजायचा, स्वतःच्या भाराच्या वाटेला मात्र जायचं नाही. सकाळी नर्सनं वजनावर उभं केलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते.

हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. सोबत एक घरचं माणूस हवं, एवढीच अट. लेकीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. तिनं फोनवर गळ घातली होती, "आई, बाबांबरोबर जाशील ना?" म्हणून आई आली होती आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"घोरतात," ती म्हणाली.

घरातलं गुपित चव्हाट्यावर आल्यासारखं काटेवाल्यानं तिच्याकडे बघितलं.

"घोरण्याचं काही नाही हो, डॉक्टर. ते थांबतं तेव्हा भीती. उताणे झोपले की घोरता घोरता एकदम सगळं शांत. छाती हलते, पण श्वास नाही. मग खांद्याला धरून डाव्या कुशीवर वळवायचं. उजव्या कुशीला ऐकत नाहीत. एक मोठा उसासा टाकतात, की गाडी सुरू."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "हे रोज?"

"रोज. मी जागीच असायचे."

"मला कधी बोलली नाहीस," काटेवाला म्हणाला.

"बोलले की. तुम्ही झोपला होतात."

नर्स खुदकन हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. वजन त्यांना आल्याआल्या दिसलं होतं, त्याची तयारीही होती. हे मात्र कुठल्याच तपासणीत आलं नव्हतं.

"भुलीनंतरची पहिली झोप अशा माणसाला जड जाते," त्या म्हणाल्या. "आज घरी सोडणार नाही. रात्रभर आमच्या नजरेखाली राहू दे."

काटेवाल्याचा चेहरा पडला. "एवढंच सांगायला आलीस?" तो पुटपुटला, आणि त्याला आत नेलं.

ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. शेजारच्या बाईनं मासिक पुढे केलं, तिनं ते उलटंच धरलं. जीव टांगणीला लागला होता, आणि इतका का लागावा याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

दुपारी डॉक्टरीणबाई तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "ऑपरेशन छान झालं. पण तुम्ही सांगितलंत तस्संच झालं. शुद्धीवर येता येता पुन्हा डोळा लागला आणि श्वास थांबला. आम्ही तयारीतच होतो. डाव्या कुशीवर वळवलं, नाकावर यंत्र लावलं, आले ताळ्यावर. तुम्ही बोलला नसतात, तर दुखण्याची गोळी देऊन संध्याकाळी घरी धाडलं असतं आम्ही. तुमचे उपकार आहेत."

तिला एकदम रडू आलं. "उपकार तुमचे, डॉक्टर," ती कसंबसं म्हणाली. "माझ्या लेकीला तिचे बाबा परत दिलेत."

काटेवाल्याला नंतर सगळं कळलं. तिनं पाण्याचा घोट दिला. "आभारी आहे," तो म्हणाला. तिनं उशी सरळ केली. "आभारी आहे गं."

"कमाल आहे," नर्स म्हणाली. "बायकोचे आभार मानणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघतेय. आमचे हे तर ताट वाढून दिलं तरी मान वर करत नाहीत."

काटेवाला छताकडे बघत राहिला. ती चादरीची घडी घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला घरी आणलं, टेकून बसवलं आणि चहा टाकला.

"साखर कुठंय?"

"वरच्या फळीवर. निळ्या डब्यात."

"डबे हलवायची खोड काही गेली नाही तुमची."

संध्याकाळी लेक आली, ती थेट बाबांच्या गळ्यात. रडून झाल्यावर आईनं तिला पलंगाजवळ उभं केलं. दवाखान्यानं सोबत दिलेलं नाकावरचं यंत्र कसं लावायचं ते दाखवलं, मग तिचा हात काटेवाल्याच्या खांद्यावर ठेवला. "इथं धरायचं. डावीकडे. घाबरायचं नाही. आता तू बघ."

"बघते. आई, तू थकलीस. जा तू आता."

तिनं पिशवी उचलली.

"तुझ्या झोपेची फार हेळसांड झाली माझ्यापायी," काटेवाला म्हणाला. "आभारी आहे."

"कितीदा म्हणाल?"

"हे मोजत नाही मी."

ती हसली. चपला घालून, जिना उतरून, दोन गल्ल्या ओलांडून ती चालत राहिली. अंग दुखत होतं, पण मन किती दिवसांनी हलकं झालं होतं. दिवेलागणीला तिनं घराची बेल वाजवली.

दार तिच्या नवऱ्यानं उघडलं.

"आलीस?" तिच्या हातातली पिशवी घेत तो म्हणाला. "कसे आहेत लेकीचे बाबा?"