आधी कुणाचं

बंकटने कुऱ्हाड ऐरणीवर आदळली. तापलेला कोयता सांडशीतून निसटून मातीत पडला.

"आधी माझं," तो म्हणाला.

रामकिसनने मान वर केली नाही. त्याने कोयता उचलून परत भट्टीत सारला. त्याची बायको कडूबाई हिने हातातला घण खाली टेकवला. युसूफ वडगावच्या रस्त्याकडेला त्या दोघांचं पाल होतं. पालापुढे उजाडल्यापासून रांग होती. ऊसतोडीच्या टोळ्या त्याच दिवशी निघायच्या होत्या आणि सगळ्यांनाच कोयत्यांना धार पाजून हवी होती. प्रत्येक टोळीचा ढीग वेगळा होता. ओळखीसाठी मुठींना रंगीत चिंध्या बांधलेल्या होत्या.

"लाइन हाय," कडूबाई म्हणाली. "सांजच्याला ये."

"सांजच्याला लखनची गाडी जातीय. त्याच्या आत पायजे."

रांग त्याच्या तोंडाकडे बघू लागली. बंकटचा ओठ फाटलेला होता, एक डोळा सुजून मिटला होता. लखन त्याचा धाकटा भाऊ, सख्खा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आदल्या दिवशी त्याने बंकटला चार माणसांत खाली पाडून चपलेने मारलं होतं. आता तो टोळीबरोबर कर्नाटकात निघाला होता. एकदा गेला की उन्हाळ्यापर्यंत दिसणार नव्हता. कुऱ्हाड कशासाठी, हे कोणाला विचारावं लागलं नाही. तिच्या धारेचा तुकडा उडालेला होता.

"हे काम आमी करत न्हाई," रामकिसन म्हणाला.

बंकटने त्याची गचांडी धरली, त्याला ओढलं आणि भट्टीवर वाकवलं. रामकिसनच्या मिशीचे केस करपल्याचा वास आला.

"करतूस का न्हाई बे?"

"सोड त्याला. करतो आमी," कडूबाई म्हणाली. "पर माझा खांदा गेलाय. ह्यो सांडशी धरील, घण कोन मारनार? तू मार. येवढा एक ढीग हातावेगळा कर, मंग तुझंच."

"किती येळ जाईल?"

"ते तुझ्या हातावर हाय."

बंकटने रामकिसनला ढकलून दिलं आणि घण उचलला. कडूबाईने समोरचा ढीग पायाने बाजूला सारला. पार मागे पडलेला हिरव्या चिंधीचा ढीग तिने ओढत पुढे आणला.

"आगं, हे तर आमच्या मागनं आल्यालं," विळा घेऊन बसलेली म्हातारी सुंदरबाई म्हणाली. "कावून त्यांचं आधी?"

कडूबाईने तिच्याकडे वळून पाहिलं. "आज्जे, कुनाचं आधी नि कुनाचं मागं, ते मला कळतंय."

म्हातारी बंकटकडे पाहत राहिली. मग तिने विळा पदराखाली घेतला आणि मागे सरकून बसली.

कडूबाई भट्टीचा पंखा फिरवू लागली. पहिलं पातं लालभडक होऊन ऐरणीवर आलं. बंकटने घण मारला. त्याला पात्यावर लखनचं तोंड दिसत होतं. दुसरा घाव त्याने नाकाडावर घातला. तिसरा दातांवर. ठिणग्या उडून त्याच्या हाताला, गळ्याला चिकटत होत्या, त्याने त्या झटकल्या नाहीत. चपलेचा हात, तो मनगटापासून ठेचला. हसणारा जबडा ठेचला. खाली पडलेल्याच्या छातीवर ठेवलेला पाय ठेचला.

"बेतानं," रामकिसन म्हणाला. "ऐरन फुटंल."

"तू गप धर."

एक पातं पाण्यात चरचरलं की दुसरं ऐरणीवर येत होतं. बंकट दम खात नव्हता. नवरा-बायकोला अर्धा दिवस पुरला असता तो ढीग त्याने ऊन डोक्यावर यायच्या आत संपवला. तेवढ्यात मुकादमाचा माणूस मोटारसायकलवर आला. त्याने एका पात्यावर अंगठा फिरवला आणि भुवया वर केल्या.

"आवंदा लई बेस उतरले. घन कोनी मारला?"

"म्या," बंकट म्हणाला. आपण का बोललो ते त्याला कळलं नाही.

"हात हाय गड्या तुला." माणसाने कोयते पोत्यात भरले आणि वाजणारा फोन न उचलताच गाडी पळवली.

"आता माझं," बंकट म्हणाला.

"ह्यो एकच बारका ढीग. भट्टी तापल्याली हाय तवर."

बारका ढीग बारका नव्हता. त्यानंतर फाळ निघाला, खुरपी निघाली. दर वेळी बंकटने शिवी दिली आणि दर वेळी घण उचलला. लखन अजून मेला नव्हता. प्रत्येक लाल पात्यात तो नव्याने येत होता. पण घाव हलके पडू लागले होते. दांड्याला रक्त लागलं होतं. सावल्या लांबल्या तेव्हा कुठे कुऱ्हाड भट्टीत गेली.

ती ऐरणीवर आली. बंकटने घण डोक्यावर नेला आणि तो त्याच्या हातातून मागेच सुटून पडला. कडूबाई उठली. तिने घण घेतला, पाय रोवले आणि खांद्यावरून फिरवून हाणला. न थांबता हाणत राहिली. कुऱ्हाड झाल्यावरच तिने घण खाली ठेवला.

बंकट तिच्या खांद्याकडे बघत होता. "खांदा गेलता ना तुझा?"

तिने कुऱ्हाड पाण्यात बुडवली, दांडा बसवला आणि त्याच्यापुढे धरली. त्याची बोटं दांड्याभोवती मिटेनात. त्याने कुऱ्हाड काखेत दाबली आणि रस्त्याकडे वळला.

"कुठं निघालास?"

"गाडीकडं. आजून उजेड हाय."

"गाडी दुपारीच गेली, बाबा. कोयत्यासाठी अडली व्हती." कडूबाईने भट्टीवर पाणी शिंपडलं. "हिरव्या चिंधीचे त्याच्याच टोळीचे. तू हात चालवलास म्हून लवकर सुटली."