नळाखालची परीक्षा

“पाहुण्यांनी हात लावल्याबिगर नळ सोडायचा न्हाई. थेंबसुदिक न्हाई!” गौरम्मानं अंगणात उभं राहून नवऱ्याला अन् पोराला दम भरला.

तिच्या नवऱ्यानं, मलप्पानं, हातातला पाना खाली ठेवला. सकाळपासून तो त्या नळाशीच झटत होता. खालचा पाइप सोडवून त्यानं नळाला मागून रबरी नळी जोडली होती. नळी जाईच्या वेलाआडून भिंतीवर चढली होती अन् पलीकडं लक्ष्मीबाईच्या माळवदावर गेली होती. तिथं पाण्याचं पिंप मांडून लक्ष्मीबाई स्वतः राखणीला बसली होती.

“हे काय खरं न्हाई,” मलप्पा म्हणाला. “पोरगी घरात आली की कळंलच की.”

“कळू द्या. आधी येऊ तर द्या!”

गौरम्माचं तरी काय चुकलं? उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, ऑफिसं आली, नव्या पाट्या लागल्या. पाणी तेवढं उस्मानाबादेतच राहिलं की काय, कोण जाणे! पावसानं पाठ फिरवलेली. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही रडतखडत. कोरड्या घरात पोरगी द्यायला कुणी धजत नव्हतं. पोरगा सिद्धेश्वर नव्या कलेक्टर कचेरीत कारकून, दिसायला देखणा, सुपारीचं खांडही न खाणारा. तरी दोन स्थळं नळ फिरवून बघून चहा न घेता उठून गेली होती. अन् आजची पोरगी, शिवकन्या, गौरम्मानं एका लग्नात पाहिली होती. पंगतीत वाढताना ती अशी खळखळून हसली, की गौरम्मानं तिथंच मनाशी ठरवलं, सून करीन तर हीच.

लक्ष्मीबाईला सांगितलं तेव्हा तिनं एका शब्दानं विचारलं नाही. पहाटे हातपंपावर नंबर लावून भरलेलं सगळं पाणी तिनं पिंपात ओतलं. “पोराचं लगीन हुतंय न्हवं? मग माझ्या पाण्याचं काय लोणचं घालायचंय?”

पाहुणे आले. पुढं पोरीचे वडील संगप्पा मास्तर, देवणीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे. मागं पोरीचा मामा धोंडप्पा. मास्तर जितके बोलके, मामा तितकाच मुका.

“शरणार्थ, शरणार्थ! या, पाय धुवा,” मलप्पा हात जोडून म्हणाला.

मास्तरांनी नळ फिरवला. नळ खोकला, गुरगुरला अन् धो धो वाहू लागला. गौरम्मानं मनातल्या मनात महादेवाला हात जोडले.

“वा! पाण्याची लाइन घरात हाय तर!” मास्तर खूश झाले. तेवढ्यावर थांबतील तर मास्तर कसले? पाय नळाखाली तसेच ठेवून ते सिद्धेश्वरकडं वळले. “बरं, सिद्धेश्वरराव, लाइन हे इंग्रजी नाम. अर्थ सांगा बघू.”

“रेघ,” सिद्धेश्वर म्हणाला.

“आणखी?”

“रांग. कवितेची ओळ.”

“शाबास! आणखी?”

पाणी वाहत होतं. गौरम्माचा जीव त्या पाण्यासंगं मोरीत चालला होता.

“रेल्वेची लाइन. टेलिफोनची लाइन. आमच्याकडं लाइट गेली की म्हणतात, लाइन गेली,” सिद्धेश्वर भराभरा सांगू लागला. बिचाऱ्याला आईचा चेहरा दिसत होता. “अन् माणूस कोणत्या धंद्यात हाय ते विचारायचं तर, कोणत्या लाइनीत हाय.”

“एक राहिला,” मलप्पा म्हणाला. “पोरं कालेजाच्या दारात उभी राहून मारतात ती.”

“आहो!” गौरम्मा ओरडली. मास्तर मात्र पोट धरून हसले. “बरोबर! तोबी अर्थच हाय. एका शब्दाला आपल्या लोकांनी किती कामाला लावलंय बघा!”

भिंतीपलीकडून घागर उपडी केल्याचा आवाज आला. गौरम्मा मोठ्यानं खोकली. तेवढ्यात धोंडप्पा मामा पुढं झाला, अन् काही न बोलता त्यानं नळ बंद केला. स्वतःचे पाय त्यानं धुतलेच नाहीत, ओल्या फरशीवर नुसते पुसले. गौरम्माला तो माणूस एकदम देवासारखा वाटला.

आत चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली, चहा झाला. तेवढ्यात लक्ष्मीबाई दारात डोकावली. पदर ओलाचिंब, हातात रिकामी घागर. गौरम्माकडं बघून तिनं हळूच मान हलवली अन् निघून गेली. पिंपात काही उरलं नव्हतं.

“ह्या कोण?” मामानं विचारलं. आल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द.

“शेजारीण हाय,” गौरम्मा म्हणाली. “अडीनडीला धावून येती. माझी बहीणच म्हणा की.”

मामानं चहाचा कप बाजूला सारला. मास्तर त्याच्याकडं बघत होते. गौरम्माला वाटलं, गेलं, हेही स्थळ गेलं!

“दाजी,” मामा म्हणाला, “द्या पोरगी. अशी माणसं हुडकून सापडायची न्हाईत.”

मग काय! साखर वाटली, मास्तरांनी जावयाची पाठ थोपटली, मलप्पानं व्याह्याला मिठी मारली. गौरम्माला हसावं की रडावं ते कळेना. तिनं दोन्ही केलं.

निघताना मामा दारात चपला घालत होता. गौरम्माला राहवलं नाही.

“मामा, तुमी काय बोललाच न्हाई. कुठं असता, काय करता?”

“मागल्याच म्हैन्यात लातूरला बदलून आलो. पाणीपुरवठ्यात हाय,” धोंडप्पा म्हणाला. “तुमच्या गल्लीचं पाणी सोडायचं, बंद करायचं काम माझ्याकडंच हाय. पुढल्या सोमवारपर्यंत बंद हाय, आक्का.”