तीस मैलांवरचं पाणी

मैल शून्य

"टाकी गच्च आहे ना?" कप्तानाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाकून बोटांनी टाकी ठोकली. आवाज बद्द आला. मग त्याने बर्फाच्या पेटीत हात घातला, पाण्याचे कॅन चाचपले. दोन वर्षांपूर्वी डोळे गेले, तेव्हापासून त्याचं बघणं म्हणजे हात लावणं.

"वरातीला निघाल्यासारखं भरलंय सगळं," मेकॅनिक म्हणाला. "बस आता."

बोट तिघांची होती. कप्तानाची, मेकॅनिकची आणि मास्तरांची. सोमवारी ती विकली जाणार होती. कप्तान सही करायला तयार होता, पण अट घालून.

"विका. त्याआधी मला तीस मैलांवर न्या. त्याच्या अलीकडे ट्यूना नसतो आणि मीही नसतो. आंधळ्याला मासा दिसत नाही ठीक आहे, माशाला आंधळा दिसतो का ते बघू."

धक्क्यावर त्याची बायको उभी होती. तीस वर्षं तिने बंदराच्या वायरलेसवर बसून दुसऱ्यांच्या बोटी ऐकल्या होत्या. आज सकाळी डिझेल पंपापासून धक्क्यापर्यंत बोट तिनेच आणली होती, पण बंदराच्या दगडी भिंतीपलीकडे ती कधी गेली नव्हती.

"हिलाही घेतलं असतं," कप्तान म्हणाला, "पण या दोघांच्या मते बाई बोटीवर आली की मासा रुसतो."

"मासा नाही, मास्तर रुसतात," ती म्हणाली. "जपून न्या, भाऊजी."

"काळजी नको, वहिनी," मेकॅनिक दोर सोडत म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

मैल अकरा (सुकाणूवरून मेकॅनिक ओरडतो)

कप्तान मागच्या फळीवर बसला होता, हातात गळाची काठी. ऊन उजव्या गालावर होतं. मग मानेवर आलं. मग डाव्या गालावर.

"आज सूर्याची फारच धावपळ चाललीय," तो म्हणाला.

"वळणं घेतोय रे," मास्तर घाईने म्हणाले. "प्रवाह चुकवायला."

"समुद्रात वळणं! शाळेत भूगोल तूच शिकवायचास ना?"

मास्तरांनी चहा पुढे केला. कप्तानाने तो न सांडता प्यायला.

मैल चोवीस

मेकॅनिकचा फोन वाजला. त्याने झटक्यात बंद केला.

"इथं रेंज येते?"

"हल्ली कुठेही येते."

"वा. माणूस घरी बसून असला की जग केवढं पुढं जातं!"

मैल तीस

इंजिन थांबलं.

"पाण्याचा रंग सांग, मास्तर."

मास्तरांनी पाण्याकडे पाहिलं, मग मेकॅनिककडे. "निळा. गडद. शाईसारखा."

"शाईसारखा," कप्तान म्हणाला. एक माशी त्याच्या मनगटावर बसली. त्याने ती उडवली नाही.

दोन तास काही लागलं नाही. मास्तर म्हणाले, परत फिरू. कप्तान म्हणाला, तुला फिरायचं तर उडी मार. तिसऱ्या तासाला काठी वाकली.

तो उभा राहिला. पाय रोवले, दात आवळले. मास्तर कमरेला धरायला आले तर कोपराने त्यांना ढकललं. "हात लावायचा नाही! माझा आहे!" दहा मिनिटं तो ओढत होता. समोरून ओढ होती, धडपड नव्हती. काठी वाकली ती वाकलेलीच राहिली.

मग दोरा सुटला आणि तो मागे आदळला.

"तुटला!" मास्तर ओरडले. त्यांनी हातातला चाकू हळूच खिशात टाकला. "अरे, केवढा होता! तुझ्याएवढा असेल!"

कप्तानाने दोरा गुंडाळत आणला. टोक बोटांमध्ये फिरवलं, नाकाशी नेलं.

"हुकला," तो म्हणाला. "चला घरी."

मैल शून्य, पुन्हा

धक्क्याला लागल्यावर कप्तानाने चाचपत सुकाणूजवळची किल्ली काढून खिशात टाकली आणि वाकून टाकी परत एकदा ठोकली. आवाज अजूनही बद्दच आला.

"निरोप घेतोस होय?" मास्तरांनी विचारलं.

"तसंच समज."

मेकॅनिकने किल्लीसाठी हात पुढे केला. मग आठवलं, याला हात दिसत नाही. "किल्ली दे. सोमवारी गिऱ्हाईक येईल."

"सोमवारीच देतो. मासा नाही तर नाही, किल्ली तरी दोन दिवस उशाशी राहू दे."

तो काठी टेकत पुढे गेला. बायको मागे रेंगाळली.

"भिंतीच्या बाहेर नाही ना गेलात?" तिने हळू आवाजात विचारलं.

"तुम्हाला शब्द दिला होता, वहिनी. दिवसभर आतच गोल गोल. गळ एकदा जुन्या नांगराच्या दोराला अडकला, शेवटी मास्तरांनी गळाचा दोरा कापला. तुमच्या यादीप्रमाणे सगळं भरलं होतं, म्हणून शंका आली नाही त्याला. नुसतंच वाया गेलं बघा."

"बरं झालं," ती म्हणाली. "बाहेर नेलं असतंत, तर माझी काळजी वाढली असती."

मैल एकतीस

रविवारी दुपारी मेकॅनिक दुकानात एक गिअर धूत होता. मास्तर स्टुलावर बसून म्हणत होते की फसवलं ते फसवलं, पण सोमवारी त्याच्या तोंडाकडे कसं बघायचं. एवढ्यात कोपऱ्यातला वायरलेस खरखरला. त्यावर गेली तीस वर्षं सगळं बंदर ओळखायचं तो आवाज आला, शांत, एकेक शब्द सुटा.

"मैल एकतीस. डिझेल अर्ध्याच्या वर, बर्फ पुरेसा, सुकाणूवर मी. मासा एकही नाही, तरी हे परत फिरायला तयार नाहीत. आणि मास्तरांना सांगा, पाणी शाईसारखं नाहीये. काळ्या काचेसारखं आहे. पहिल्यांदाच बघतेय, म्हणून नीट बघून सांगितलं ह्यांना."