अकरा बाळांचा ठोका

मिरजेत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पायात पट्टा होता आणि हृदयाचा एकेक ठोका डॉक्टर केतकीच्या पडद्यावर उमटत होता. त्यातल्या अकरा बाळांचं हृदय रोज सकाळी वीस मिनिटं मंदावून अडखळायचं, तेही एकापाठोपाठ एक. एका वेळी दोघांचं कधीच नाही. आजार असा घरोघर फिरतो की काय, या कुतूहलानं ती पहिल्या बाळाच्या घरी येऊन बसली.

न्हाऊ घालणाऱ्या हौसाबाई पाय पसरून बसल्या. बाळाचा पट्टा काढून त्यांनी तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्यात अडकवला.

“अहो, हे काय?”

“तेलानं खराब हुतो बाई. आन् काढून ठेवला की बोंबलतो. माझ्या अंगठ्यात कसा गप पडून राहतो.”

बाळ त्यांच्या पायांवर खिदळत होतं. केतकीच्या हातातल्या पडद्यावर एक ठोका चुकला, मग सलग दोन. तिला आलेलं हसू ओठांवरच विरलं.

“हौसाबाई, बाळ इकडे द्या. तुम्ही जरा आडव्या व्हा.”

“मला काय धाड भरलीय? अजून धा घरं हायत.”

“ती बाळं आज पारोशी राहू देत,” केतकी म्हणाली. “तुमच्या अंगठ्यातला पट्टा मात्र काढू नका.”